रणकेसरीची शपथ

यशोधरपुराच्या खंदकावरचे धुके विरू लागले, तशी मंदिराच्या शिखरांवर चहू दिशांना कोरलेली विशाल पाषाणमुखे एकामागून एक उजळत गेली. परंतु त्या शांत मुखांच्या खाली, गाभाऱ्यातील विहिरीच्या काठाशी, द्वारनायक रणकेसरी घामाने निथळत उभा होता. थोरल्या महाराजांनी स्थापिलेली बुद्धमूर्ती फोडण्याची आज्ञा बुद्धाला न मानणाऱ्या नव्या महाराजांनी त्यालाच दिली होती. मूर्ती फोडू नये म्हणून तिच्यासमोर आडवी पडलेली त्याची आई पवित्रा आदल्या दिवसापासून बंदीत होती.

"दोर सोडा. सावकाश!" तो आपल्या विश्वासू शिपायांना हलकेच म्हणाला.

मूर्ती अभंग पाण्यात उतरली. वर माती लोटून त्यांनी फरसबंदी पूर्ववत बसवली आणि दुसऱ्याच एका शिळेच्या ठिकऱ्या गाभाऱ्यात विखुरल्या.

दरबारात त्या ठिकऱ्या पाहून राजपुरोहित मंद हसले. "महाराज, दगड कोणताही फुटतो. नायकांनी अग्नीसमक्ष शपथ घ्यावी."

खोट्या शपथेला चंद्रसूर्य असेतो नरकवास, हे रणकेसरीला आईनेच शिकवले होते, आणि त्यावर त्याचा पूर्ण विश्वास होता. पण शपथ नाकारावी, तर विहीर उपसली जाणार! त्याने ज्वाळेवर हात धरला.

"या हातांनी मी ती मूर्ती फोडली. असत्य बोलत असेन, तर चंद्रसूर्य असेतो मला नरक घडो."

"केसरी," बेड्यांत उभी असलेली पवित्रा म्हणाली, "माझ्याकडे बघून सांग."

त्याने पाहिले. "फोडली, आई."

"मग मला आई म्हणू नकोस."

महाराज प्रसन्न झाले. त्यांनी त्याला सोन्याच्या दांड्याची मानाची छत्री बहाल केली. त्याने आईची सुटका मागितली, तीही मिळाली. पवित्रा सरोवराकाठच्या भिक्षुणींकडे गेली आणि तिने अन्नपाणी वर्ज्य केले. पुरोहितांच्या हेरांची नजर चुकवून तो तिथे पोहोचला, तेव्हा चिता विझली होती.

"शेवटी काही बोलल्या?" त्याने विचारले.

"शुद्धीत होत्या तोवर तुमचे नाव घेऊ दिले नाही," वृद्ध भिक्षुणी म्हणाली. "ग्लानीत मात्र तुम्हालाच हाका मारीत होत्या."

राखेपाशी वाकून तो बराच वेळ पुटपुटत राहिला. काय, ते कोणाला ऐकू आले नाही.

पुढे कित्येक वर्षे तो त्याच मंदिराच्या दारी पहारा देत होता. भिक्षू त्याला पाहताच वाट बदलीत, आयाबाया त्याच्या सावलीवर थुंकत. तो मान खाली घालून त्यांना जाऊ देई.