रिकाम्या खाटेचं वजन

सगळं कॉलेज मला मामा म्हणतं, आणि बत्तीस वर्षं मी सगळ्या कॉलेजला मामा बनवत आलो, असा माझा लौकिक आहे. वर्कशॉपच्या मोठ्या लेथवर मी एकदा साबणाच्या वडीचा स्क्रू कातला, त्यावर बसवलेली खिडकी चार वर्षं टिकली आणि पाचव्या वर्षी कोणीतरी ती ओल्या फडक्यानं पुसली, हे मी प्रत्येक नव्या बॅचला सांगतो. पहिल्या वर्षाची पोरं विश्वास ठेवतात. चौथ्या वर्षाची ऐकून घेतात आणि मग पाना मागतात.

ही हकीकत मात्र मी कोणाला सांगत नाही. हिच्यात मी कुठेच हुशार ठरत नाही, आणि जी गोष्ट रंगवावी लागत नाही तिच्यात मला चव येत नाही.

शेवटच्या वर्षाच्या तीन पोरांना एका कंपनीचा प्रोजेक्ट मिळाला होता. कंपनी दवाखान्याच्या खाटा बनवायची. तिला अशी खाट हवी होती, जी रुग्णाचं वजन सतत मोजत राहील, तो कुठल्या बाजूला कलला आहे ते पडद्यावर एका ठिपक्यानं दाखवेल, आणि तो उठायला लागला की घंटा वाजवेल. चूक दोनशे ग्रॅमच्या आत. काम पसंत पडलं तर कंपनी तशाच खाटा काढणार आणि टीममधल्या एकाला नोकरीवर घेणार होती.

तो एक कोण असावा याबद्दल टीममध्ये वाद नव्हता. कप्तान. तिचे बाबा दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात खाटेवरून उतरताना पडले. नर्स बाहेर गेली होती आणि वाजायला घंटा नव्हती. खुबा मोडला तो मोडलाच. त्यांच्या शुश्रूषेत पोरीचं एक वर्ष गेलं. हे दुसरं गेलं असतं तर तिसऱ्याचं नाव काढायची सोय तिच्या घरात नव्हती. ती हे कधी बोलली नाही. पण खाटेच्या कठड्याची कड घासताना जिथे थांबलं तरी चाललं असतं, त्याच्याही पुढे ती दहा मिनिटं घासायची, हे मी बघत होतो.

बाकीचे दोघे म्हणजे चष्मा आणि दांडगा. चष्मा प्रोग्रॅम लिहायचा. अंगानं इतका काटकुळा की वारा आला की मी त्याला दार धरायला सांगायचो. दांडगा वेल्डिंग करायचा आणि गरज पडली की खाटेवर झोपायचा. ब्याण्णव किलोचं चालतंबोलतं माप.

खाट कंपनीनंच पाठवली होती. कुठल्याशा दवाखान्यातून परत आलेली, रंगाचे पोपडे उडालेली. डोक्याकडच्या पत्र्यावरचा नंबर कोणीतरी खरवडून काढलेला. वर्कशॉपच्या वर पहिल्या मजल्यावर प्रोजेक्टची खोली आहे. तीन खिडक्या, एक फळा, भिंतीला लावलेली दोन टेबलं. तिथे मधोमध ती ठेवली. चार पायांखाली चार सेन्सर बसवले, खाटेचं स्वतःचं एकाहत्तर किलो वजन प्रोग्रॅममधून वजा केलं, आणि पडद्यावर शून्य आलं. ठिपका नाहीसा झाला. रिकाम्या खाटेवर ठिपका दिसत नाही. दिसायला वजन लागतं. दांडगा झोपला, ब्याण्णव आले. आम्ही चहा प्यायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या खाटेचा आकडा होता तीनशे ग्रॅम.

यात काही नवल नाही. सेन्सर नवे असले की थोडे सरकतात, ऊन वाढलं की सरकतात, आणि काही नुसते स्वभावानं सरकतात. चष्म्यानं बटण दाबून शून्य केलं. तिसऱ्या दिवशी सव्वा किलो. चौथ्या दिवशी चार.

"मामा, हात लावा ना जरा," कप्तान म्हणाली.

मी हात लावला. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, वायरी बदलल्या. डावीकडचे सेन्सर उजवीकडे घातले आणि उजवीकडचे डावीकडे. जो सेन्सर बिघडलेला असेल त्याच्याबरोबर चूकही जागा बदलणार, हा साधा हिशेब. चूक हलली नाही. सेन्सर बदलले तरी वजन खाटेच्या उजव्या अर्ध्या भागात होतं तिथेच राहिलं.

मग आम्ही खाट उचलून खाली स्टोअरच्या मोठ्या काट्यावर नेली. दोघांनी सहज उचलली. काटा म्हणाला एकाहत्तर. वर आणून पुन्हा सेन्सरवर ठेवली, तर अठरा किलो जास्त.

"म्हणजे खाटेत काही नाही," मी म्हणालो.

"खाटेत नाहीच," दांडगा म्हणाला. "खाटेवर आहे."

"तू कमी बोल, तुझ्या श्वासानं आकडा हलतो."

पण कप्तान हसली नाही. तिनं वहीत रोजचे आकडे लिहिले होते, ते मला दाखवले. "हे वाढतंय कसं बघा. पाहुणा परक्या घरी खुर्चीवर बसतो ना, तसं. आधी कडेला टेकतो. मग जरासा आत सरकतो. मग अंग सोडून बसतो."

मी तिला सांगितलं, इंजिनियरनं आकडे वाचावेत, चेहरे वाचू नयेत. ऐकायला छान वाटलं. मला स्वतःलाही.

नवव्या दिवशी आकडा सेहेचाळीस पूर्णांक चारवर आला आणि थांबला. दहाव्या दिवशी तोच. अकराव्या दिवशीही एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. बटणानं केलेलं शून्यही आता टिकत नव्हतं. घटकाभरात पुन्हा सेहेचाळीस पूर्णांक चार. कंपनीची माणसं चार दिवसांनी येणार होती. तिन्ही पोरं माझ्याकडे बघत होती, आणि बत्तीस वर्षांत असं कोणी बघितलं की मी गप्प बसलेलो नाही.

"सोपं आहे," मी म्हणालो. "हलणारी चूक वाईट. ही हलत नाही. प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहा. जे वजन येईल त्यातून सेहेचाळीस पूर्णांक चार कायमचे वजा. विषय संपला."

"पण ते खोटं आहे ना, मामा," कप्तान म्हणाली.

"खोटं मी बोलतो. ही वजाबाकी आहे."

चष्म्यानं ओळ लिहिली. अशा ओळीपुढे ती का लिहिली याची टीप द्यायची पद्धत असते. त्यानं टीप दिली, 'मामांनी सांगितलं म्हणून'. पडद्यावर शून्य आलं. तासाभरानंही शून्यच. वजाबाकी फक्त आकड्याला लागू होती. ठिपक्याचं गणित वेगळं, तो चार पायांवरच्या खऱ्या भारावरून निघायचा. त्यामुळे रिकाम्या खाटेवरही ठिपका दिसतच राहिला, उजव्या बाजूला, मिणमिणत. ते आम्ही नंतर बघू म्हणालो.

त्या दुपारी दांडगा जेवायला गेला होता म्हणून चष्मा खाटेवर झोपला, डाव्या कडेला. आकडा आला सेहेचाळीस पूर्णांक सहा. त्याचं वजन तेवढंच होतं. कप्तान टाळी देणार होती, तिचा हात तसाच राहिला.

ठिपका मधोमध आला होता.

"चष्म्या, तू कडेला आहेस ना?"

"पार कडेला. पडेन आता."

मी फळ्यावर गणित मांडलं, कारण मला काहीतरी करायला हवं होतं. एका कडेला एक माणूस झोपला असेल आणि तरी ठिपका मधोमध येत असेल, तर दुसऱ्या कडेला तेवढंच वजन पाहिजे. बरोबर तेवढंच. मी उत्तर लिहिलं नाही. डस्टर घेतलं आणि फळा पुसला.

चष्मा उठला तो घंटा वाजायच्या आधी दारात होता. त्यानंतर तो त्या खाटेवर झोपला नाही, आणि आम्हीही त्याला सांगितलं नाही.

कंपनीची माणसं सकाळी दहाला आली. डिझाइन बघणाऱ्या मॅडम, त्यांच्याबरोबर विक्री खात्यातले एक गोलमटोल गृहस्थ, आणि आमचे गाईड सर, जे प्रोजेक्टच्या खोलीत वर्षभरात तिसऱ्यांदा आले होते आणि सगळीकडे नव्यानं बघत होते. कप्तानानं गृहस्थांना मुद्दाम मधोमध झोपवलं. आकडा एक्क्याऐंशी पूर्णांक तीन.

"हा माझ्या घरी कळवायचा नाही," ते म्हणाले.

ते उठले, घंटा वाजली, आकडा शून्यावर आला. पुन्हा झोपवलं, पुन्हा उठवलं. मॅडमनी स्वतः प्रमाणित वजनं ठेवून बघितली. चूक शंभर ग्रॅमसुद्धा नव्हती. ठिपका थोडा आळशी आहे, रिकाम्या खाटेवरही रेंगाळतो, तो पुढे सुधारा, एवढंच त्या म्हणाल्या. प्रोग्रॅम त्यांनी आपल्या लॅपटॉपवर घेतला आणि सगळे सह्या करायला शेजारच्या खोलीत गेले. चष्मा आणि दांडगा चहाचे कप घेऊन त्यांच्या मागे गेले.

खोलीत मी आणि कप्तान. ती वायर गुंडाळत होती. मी काहीतरी थाप मारत होतो, कुठली ते आठवत नाही.

ती गुंडाळता गुंडाळता थांबली.

पडद्यावर शून्य होतं. ठिपका हलत होता.

उजवीकडून आणखी उजवीकडे. हळू. पार कडेला येऊन तो थांबला. कोणी पाय खाली सोडून बसावं, इतका वेळ थांबला.

मग नाहीसा झाला.

आकडा बदलला. उणे सेहेचाळीस पूर्णांक चार.

घंटा वाजली.

पडद्यावर अक्षरं आली, तीच, जी चष्म्यानं लिहिली होती. 'रुग्ण उठला.'

"काय झालं?" शेजारच्या खोलीतून मॅडमनी विचारलं.

कप्तानानं प्लग ओढला. "काही नाही मॅडम. घंटा तपासत होते."

मी तिला पाच वर्षं ओळखत होतो. तिच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं खोटं, आणि ते तिला सहज जमलं. शिकवणारा मीच होतो.

आम्ही खाटेकडे बघत नव्हतो. दाराकडेही नाही.

"मामा," ती हळू आवाजात म्हणाली, "आता ती ओळ चुकीची झाली. खाट आता खरीच रिकामी आहे. आता ती उणे दाखवणार. मॅडमना सांगायला पाहिजे."

पलीकडे पेनाचा आवाज येत होता. एक दार उघडून दोन वाक्यं बोलायची होती.

"निकाल लागू दे," मी म्हणालो. "मग कळवू."

निकाल लागला. तिघेही पास झाले, कप्तानाला नोकरी मिळाली, आणि कळवायचं राहून गेलं. ती जुनी खाट अजून माझ्या स्टोअरमध्ये उभी करून ठेवली आहे. तिच्यात काही नाही; मी तिला मधूनमधून काट्यावर चढवतो. एकाहत्तर.

वर्षभरानं एका दुपारी कप्तानाचा फोन आला. मी वर्कशॉपच्या पायरीवर बसलो होतो. आत पहिल्या वर्षाची बॅच कानस घासत होती.

"मामा, आमच्या खाटा निघाल्या, दोन महिने झाले. पहिल्या बारा. नव्या कोऱ्या, आमच्याच कारखान्यात जोडलेल्या, तिथेच रंगवलेल्या."

"वा. पेढे कुठायत?"

"प्रोग्रॅम तोच आहे. ती ओळ तशीच आहे, तुमच्या नावासकट. माझ्या लक्षात होतं. म्हटलं, पहिली खाट वीज जोडल्यावर उणे दाखवेल, तेव्हा सगळ्यांसमोर कबूल करू आणि ओळ काढू. मी समोर उभी होते."

"मग?"

"शून्य दाखवलं."

मला कळायला थोडा वेळ लागला. कानशीचा आवाज फार मोठा येत होता.

"बाकीच्या?" मी विचारलं.

"बारा. सगळ्या. मॅडम खूश आहेत, एवढा अचूक लॉट कधी निघाला नाही म्हणतात." तिनं आवाज खाली आणला. "ओळ काढू का, मामा?"

"काढलीस तर काय दिसेल?"

"सेहेचाळीस पूर्णांक चार. बारा वेळा."

"मग राहू दे," मी म्हणालो. त्या ओळीबद्दल दुसऱ्यांदा मी तिला थांबवलं.

मला फोन ठेवायचा होता, पण असा ठेवता येईना. म्हणून विचारलं, "बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत. पहिली खाट कंपनीनं मला घरी नेऊ दिली. तेव्हापासून एकदाही पडले नाहीत. आईला कितीतरी दिवसांनी झोप लागते." आता तिचा आवाज जरा मोकळा झाला. "वजन मात्र उतरलंय त्यांचं. सत्तेचाळीस. आणि एक खोड लागलीय. पार उजव्या कडेला झोपतात, कठड्याला चिकटून. मी मधे सरकवते. थोड्या वेळानं बघावं तर पुन्हा कडेला. म्हटलं, बाबा, एवढी खाट मोकळी आहे. तर म्हणतात, असू दे गं, अवघडायला होतं."

"कोणाला?"

"तेच विचारलं मी. तर आणखी कडेला सरकले."

विचारायचं नव्हतं. तोंडातून गेलंच. "आणि ठिपका?"

पलीकडे, तिच्या घरात, कोणीतरी कूस बदलल्यासारखी खाट करकरली.

"मधोमध," ती म्हणाली.