प्रमिलाबाईंचं शेवटचं बोलणं

"मॅडम, प्रमिलाबाईंचं शेवटचं बोलणं कुणीतरी पुसलं!" फोनवर पुनमचा आवाज कापत होता.

धुळ्याच्या सायबर शाखेतल्या उपनिरीक्षक किरण देवरे देवपुरातल्या कार्यालयात पोचल्या, तेव्हा सकाळचे अकरा वाजत आले होते. पुनम इथे म्हाताऱ्या बायकांची अहिराणी गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवायची. पारोळ्याकडच्या प्रमिलाबाई आठवड्यापूर्वीच वारल्या होत्या.

"गाणी आहेत सगळी. एकच फाइल गेली. दवाखान्यात बोलल्या होत्या. मला म्हणाल्या, मी मेल्यावर ऐक."

"ऐकलंस?"

"धीरच झाला नाही."

"हे कुणाला माहीत होतं?"

"भेटायला गेले तेव्हा त्यांच्या मुलाला सांगितलं, दीपकभाऊंना. आणि इथे रोनकला."

रोनक जैन तिचा सहकारी. संगणक दोघांचा एकच. पुनम विंडोज वापरायची, रोनक त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागावरची लिनक्स ही वेगळी सिस्टिम. विंडोजचा पासवर्ड फक्त पुनमला ठाऊक होता. रिसायकल बिन रिकामी होती. सकाळी हे दिसताच तिने घाबरून नेटची वायर उपटली होती.

किरणनं पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. घड्याळ साडेपाच दाखवत होतं.

"हे नेहमीच मागे असतं?"

"पूर्वी व्हायचं. लिनक्स लंडनची वेळ धरतं ना, मग विंडोज साडेपाच तास मागे पडायचं. मी रोनकशी भांडले, तेव्हा त्यानं ते कायमचं दुरुस्त केलं."

रोनक चिडलेलाच होता. "आता माझ्यावरच येणार! पुनमशी भांडण झालं हे खरं. पण मेलेल्या बाईचा आवाज पुसू मी?"

"तुझ्या लिनक्समधून पुनमच्या फायली उघडता येतात?"

"येतात. डिस्कला कुलूप नाही. पासवर्ड विंडोजच्या दारावर आहे, भिंतच नाही म्हणा ना."

किरणनं दीपकला बोलावून घेतलं. पारोळ्याला त्याचा संगणकाचा क्लास होता. डोकं नुकतंच भादरलेलं, डोळे सुजलेले.

"काल संध्याकाळी इथे आला होतात?"

"हो. आईचं गाणं ऐकायला. पुनमताईंनी दोन गाणी ऐकवली. मग संगणक बंद करून त्या फोनवर बोलायला खाली गेल्या."

"आईंची एक फाइल सापडत नाही."

दीपकनं मान खाली घातली. "तो रोनक लिनक्समधून घुसला असेल. त्याला कशाला पासवर्ड लागतो?"

किरणनं आधी अख्ख्या डिस्कची नक्कल करून घेतली. मग रोनकला त्याचं लिनक्स सुरू करायला सांगितलं. त्यातून विंडोजचा भाग उघडला, लपवलेली फोल्डरं दाखवायला लावली. एका फोल्डरात ती फाइल पडून होती.

"दीपकभाऊ," किरण शांतपणे म्हणाल्या, "मी तुम्हाला फाइल सापडत नाही एवढंच सांगितलं. कुणी घुसलंय, तेही दुसऱ्या सिस्टिममधून, हे कुठं सांगितलं?"

"मी संगणक शिकवतो. अंदाज केला."

"अंदाज निम्मा बरोबर आहे. काम लिनक्सनंच झालं. म्हणून घड्याळ मागे गेलं, आणि नेट तुटल्यामुळे मागेच राहिलं. पण रोनकच्या लिनक्सनं ते जात नाही, त्यानं ते दुरुस्त केलंय. म्हणजे हे बाहेरून आणलेलं लिनक्स होतं. पेनड्राइव्हवरचं. तुमच्या क्लासात असतातच तसे. तुम्ही त्यावरून संगणक सुरू केला, पुनमच्या भागात शिरलात. लिनक्समधून पुसलेली फाइल विंडोजच्या कचरापेटीत जात नाही, अशा लपलेल्या फोल्डरात जाते. ते रिकामं करायच्या आत जिन्यात पुनमची पावलं वाजली असतील."

किरणनं फाइल सुरू केली. आधी धाप. मग प्रमिलाबाई.

"मनी कोकिळानी उडी नही मारी. तिना बापनी तिले विहिरमा ढकली. त्या पोऱ्यासंगे लगीन करणार व्हती म्हनीसन. दीपक बॅटरी धरीसन उभा व्हता."

पुनमनं तोंडावर हात दाबला. दीपकची बहीण, प्रमिलाबाई आणि चुडामण आबांची मुलगी कोकिळा हिनं विहिरीत उडी घेतली, असंच गाव इतकी वर्षं धरून चाललं होतं.

"मला वाटलं, आबा तिला फक्त धाक दाखवताहेत," दीपक पुटपुटला. "नंतर आई माझ्याशी बोलायची, पण डोळ्याला डोळा देत नव्हती. जेवायला वाढायची, नि उठून जायची."

"आणि तिचं एवढं एक बोलणं राहिलं होतं, तेही पुसायला आलात?"

"आबा म्हणाले, घराची अब्रू आहे."

"हे कोर्टात टिकेल का?" पुनमनं विचारलं.

"नुसत्या आवाजावर अवघड आहे," किरण म्हणाल्या. "तिथे उभं असलेल्या माणसानं बोलायला हवं."

दीपकनं फोन मागितला. "आबांना विचारतो. एकदा तरी कोकिळाचं नाव घेतात का बघतो."

किरणनं स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला. घंटा वाजली.

"आबा, मी दीपक. मी धुळ्याले शे. पोलीस..."

पलीकडून म्हाताऱ्याचा करडा आवाज आला.

"बठ्ठं पुसाई गयं ना?"

"सगळं पुसलं ना, एवढंच विचारलं," म्हणत दीपकनं फोन बंद केला. खुर्ची ओढून किरणच्या समोर बसला.

"लिहून घ्या," तो म्हणाला.