फाटकावरची झडती

पहिल्या महायुद्धाचं तिसरं वर्ष होतं. इंग्लंडातल्या त्या गावचे पुरुष फ्रान्सला गेलेले, आणि तोफगोळ्यांत दारू भरायच्या कारखान्यात सगळ्या बायका. बायकांची झडती बाईनेच घ्यावी, म्हणून फाटकावर पोलीसही बाईच नेमली होती. ती बर्था. आधी एका डॉक्टरच्या घरी भांडी घासायची. आता अंगावर निळा कोट घालून, दुपारच्या पाळीआधी एकेकीचे खिसे, केस, झग्याची किनार चाचपायची. काडेपेटीतली एक काडी सापडली तरी महिनाभर तुरुंग.

"बर्थाबाई, जरा हळू! माझा नवरासुद्धा इतकं चाचपत नव्हता."

"म्हणून तर फ्रान्सला पळाला," मागची म्हणायची, आणि सगळी रांग खिदळायची.

एका दुपारी बर्थाच्या धाकट्या बहिणीच्या, टिलीच्या खिशात काडी निघाली.

"ताई, बाबांचा कोट घातलाय गं... मला खरंच ठाऊक नव्हतं."

टिलीचं मूल अजून अंगावर पीत होतं. बर्थाने काडी मुठीत दाबली. पाण्याच्या बादलीत टाकली असती तर सगळ्यांनी पाहिलं असतं. तिने ती स्वतःच्या खिशात सरकवली आणि बहिणीला आत सोडलं. तासाभराने ती नेहमीसारखी टिलीच्या, दारू भरायच्या शेडमधून फेरी मारायला गेली. पोलीसबाईची झडती कोण घेणार?

फेरी संपवून ती फाटकाशी पोहोचते तोच शेड उडाली. बारा जणी गेल्या. टिलीचा बूटसुद्धा मिळाला नाही. धूर निवल्यावर बर्थाने खिशात हात घातला. काडी नव्हती.

ती कोणाला काही बोलली नाही. कोटाचं अस्तर उसवलं, खोली झाडली, येण्याजाण्याची वाट वाकून वाकून पाहिली. काडी बाहेर कुठेही सापडली असती, तर तिला पुन्हा झोप लागली असती.

आठव्या दिवशी भर दुपारी दाट धुकं उतरलं. दुसऱ्या शेडची रांग मुकाट्याने आत गेली. शेवटी एक उरली, हात वर करून. जळक्या लोकरीचा वास आला.

"टिली...?"

"तपास ना, ताई."

बर्थाने खिसे पाहिले, केस पाहिले, किनार पाहिली. देवा, हिच्याकडेच असू दे, हिनेच परत घेतलेली असू दे... काही नव्हतं. कोटाच्या आत अंगही हाताला लागेना.

"माझ्याकडे नाही गं... आता तू हात वर कर."

बर्थाने केले. गार बोटं खिशांत शिरली. एकेक खिसा बाहेर उलटला. टोपी उतरली, केस सुटले.

"सापडली?" बर्थाने विचारलं.

"नाही, ताई," टिली इतक्या मायेने म्हणाली की बर्थाला रडू फुटलं.

टिली बाजूला झाली. तिच्या मागे दुसरी उभी होती. तिची बोटं लहान होती, पोरसवदा. तिनेही पहिल्या खिशापासून सुरुवात केली. मग तिसरी आली...

पाळीचा भोंगा वाजला. धुकं विरलं. फाटकाशी चिटपाखरू नव्हतं. बर्थाने भरून आलेले हात खाली घेतले.

मागून कोणीतरी ते हळुवारपणे पुन्हा वर केले.