वडिलांच्या नंबरवरून आलेला फोन

इस्त्रीचा पहिला घाव जबड्यावर बसला होता. नंतरचे किती, ते मोजण्यात अर्थ नव्हता. ताईचे दोन दात बँकेच्या फॉर्मवर पडले होते, ‘मृत खातेदाराचे नाव’ या रकान्याशेजारी.

मास्तरांनी दाराची चौकट घट्ट धरली. शाळेतून निवृत्त झाल्यावर, खासगी तपास करणाऱ्या बाईंचे मदतनीस व्हायचं त्यांनी हौसेनं पत्करलं होतं. आज सगळी हौस फिटली.

बाई मात्र टेबलाखाली वाकल्या होत्या. तिथं वडिलांच्या मोबाइलचा चक्काचूर झाला होता.

“मास्तर, काचा रक्ताच्या खाली आहेत. वर एकही नाही.”

“म्हणजे?”

“आधी फोन फुटला. मग ताई.”

इन्स्पेक्टरांना घाई होती. “साडेअकरा-बाराची वेळ. ताईंच्या स्वतःच्या फोनवरून आज एकही कॉल गेलेला नाही. वडील महिन्यापूर्वी वारले, खात्याला नॉमिनी फक्त ताई. आठ दिवसांपूर्वी त्यावरून धाकट्या भावाशी कडाक्याचं भांडण. शिवाय वडील गेल्यावरही त्यांच्या कार्डानं चारदा पैसे काढलेत कुणीतरी. शेवटचे आज सकाळी. बँकेला मृत्यू कळवलाच नव्हता ना!”

ताईचा नवरा आतल्या खोलीत रडत होता. “नऊला दुकान उघडलं. एकटाच असतो तिथं. एकला जेवायला आलो तर ही अशी! आणि तो भाऊ म्हणवतो स्वतःला? मरायच्या वेळी हिनं फोन केला, तोसुद्धा उचलला नाही त्यानं.”

मास्तरांना गलबलून आलं. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

वडिलांची नर्स स्वयंपाकघरात बसली होती. “तो मोबाइल महिनाभर बंदच होता. चार्जर चुकून माझ्या पिशवीत गेलेला. आज दहाला आणून दिला, लगेच निघाले. बँकेत दिलेला नंबर चालू हवा, असं ताई म्हणत होत्या.”

“कार्डाचा पिन?” बाईंनी विचारलं.

“मला कुठून ठाऊक? पैशांचं सगळं जावईच बघायचे.”

भाऊ जिन्यात बसला होता.

“भांडण झाल्यावर ताईचा नंबर मी ब्लॉक केला,” तो म्हणाला. “आज साडेअकराला फोन वाजला. स्क्रीनवर ‘बाबा’. नाही उचलला. हे कुणाला सांगितलेलंही नाही.”

मास्तरांनी त्याच्याकडे संशयानं पाहिलं. बाईंनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावलं.

“रागानं मारणारा माणसावर धावतो. इथं आधी फोन फोडला, कारण ताईनं त्यावर मदत मागायला सुरुवात केली होती. फोन चालू होताच पैसे काढल्याचा मेसेज आला. कार्ड कोण वापरायचं हे तिला ठाऊक होतं. तिनं त्याच फोनवरून त्याला घरी बोलावलं आणि जाब विचारला.” बाई नवऱ्याकडे वळल्या. “भावानं फोन उचलला नाही, हे तुम्हाला कसं कळलं? ताईच्या फोनवर तसा कॉलच नाही. भावानं कुणाला सांगितलं नाही. वडिलांच्या फोनचा भुगा झालाय. ती वाजणारी रिंग ऐकायला तिच्यासमोर तुम्हीच उभे होतात.”

नवऱ्यानं टेबलावरची कात्री उचलली आणि भावाच्या गळ्यावर झेप घेतली. मास्तर मध्ये कसे पडले, ते त्यांनाही कळलं नाही. कात्री तळहातातून आरपार गेली. इन्स्पेक्टरांनी नवऱ्याला जमिनीवर आपटलं तेव्हा त्याचं नाक फुटलं, तरी तो ओरडतच होता, “माझ्याच बायकोनं मला चोर म्हणायचं?”

त्याला नेल्यावर भावानं विचारलं, “बाई, मी उचलला असता तर?”

बाईंनी मास्तरांच्या हाताला टॉवेल आवळून बांधला. “तर कदाचित तुम्ही तिची किंकाळी ऐकली असती. वाचवता आलं असतं, असं मी म्हणणार नाही. नसतं आलं, असंही नाही.”

भावानं घड्याळ पाहिलं, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि चपला घातल्या.

“कुठं निघालात?” मास्तरांनी विचारलं.

“भाचीची शाळा साडेचारला सुटते,” तो म्हणाला. “हे तिला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.”