सुकाणू कोणाच्या हाती

प्रवासात असताना शीडबोट चालवायला शिकावे, म्हणून मी एका लहान बोटीवर उमेदवारी पत्करली. बोटीवर ती चालवणारे तांडेल, त्यांची पत्नी आणि आम्ही दोन शिकाऊ होतो. दुसरे शिकाऊ एक निवृत्त वकील होते.

तांडेलांचा नियम एकच होता. सुकाणू घेणाऱ्याने चाकावर हात ठेवून ‘घेतलं’ म्हणायचे. देणाऱ्याने त्याचा चेहरा पाहून मगच हात काढायचा.

वकीलसाहेब हसत. “म्हणजे ताबापावतीच की हो.”

“पावती हरवली तर दुसरी मिळते, साहेब. माणूस नाही मिळत.”

परतीच्या दिवशी भरदुपारी धुके उतरले. वकीलसाहेब सुकाणूवर होते. आम्ही तिघे खाली दिव्यापाशी बसलो होतो. बंदराच्या तोंडाशी असलेली खडकांची रांग चुकवण्यासाठी कुठे वळायचे, हे तांडेल मला नकाशावर दाखवत होते. इतक्यात वकीलसाहेब हात चोळत खाली आले.

“वहिनी, बऱ्या वेळी वर आलात. बोटं पार गारठली होती.”

वहिनी माझ्यासमोर किटलीशी हात शेकत बसल्या होत्या.

“भाऊजी... मी तर खालीच आहे.”

“अहो, मागून ‘घेतलं’ म्हणालात ना...”

“चेहरा पाहिलात?” तांडेलांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता ते वर धावले. आम्हीही मागोमाग गेलो.

वर कोणी नव्हते. तरीही चाक स्थिर होते. शीड वाऱ्याने तट्ट फुगले होते. ओल्या दोरांच्या वासात कुजक्या शेवाळाचा वास मिसळला होता, आणि समोर धुक्यात खडकांवर लाटा फुटल्याचा आवाज येत होता.

तांडेलांनी चाक धरले. “घेतलं.” ते हलले नाही. मी जोर लावला, तरी नाही. आवाज जवळ येत होता. मी मनात देवाचे नाव घेतले.

“साहेब,” तांडेल दबक्या स्वरात म्हणाले, “दिलंत तुम्ही. मागायलाही तुम्हीच हवं.”

जन्मभर इतरांना जाब विचारत आलेला तो माणूस चाकापुढे उभा राहिला.

“माझं चुकलं... न पाहता दिलं. परत द्या.”

चाक सैल झाले. वकीलसाहेबांनी ते वळवले, आणि खडकांवरचा फेस बोटीला चाटून मागे गेला.

जबाबदारी माणसाला ओझे वाटते. ती कोणाच्या हाती जाते, हे वळून पाहण्याचेही कष्ट तो घेत नाही. त्या दिवशी ईश्वराने आम्हाला तारले, एवढेच मी म्हणेन.

बंदराचा धक्का दिसू लागला, तेव्हा तांडेल पुढे झाले. वकीलसाहेबांच्या डोळ्यांत पाहत त्यांनी चाकावर हात ठेवला.

“घेतलं. सोडा आता.”

“मी केव्हाच सोडलंय,” वकीलसाहेब पुटपुटले. “पण माझ्या हातांवर... कोणाचे तरी हात आहेत.”