गुंफणीतली पोरं

बोरबनच्या कणग्या भरलेल्या होत्या, म्हणूनच गाव सोडायचा हुकूम आला. अख्ख्या पठाराला आता हाच नियम होता. पाऊस पिढ्यान्‌पिढ्या आटत चालला होता, आणि कणगी रिकामी झाल्यावर निघालेली माणसं वाटेतच संपतात, हे सरकार जुन्या दातांकडून शिकलं होतं.

दात काय सांगतात ते सरपंच गिरजाबाईला शर्वरी हिरवे यांनी समजावलं. या बाई पुरातन वस्त्या उकरणाऱ्या शास्त्रज्ञ.

"लहानपणी माणूस जे पाणी पितो, त्याची खूण दातात राहते," त्या म्हणाल्या. "पहिली दाढ तान्हेपणी घडते, अक्कलदाढ पुढं जाणतेपणी. दोन्ही तपासल्या की कळतं, मूल जन्मलं कुठं आणि वाढलं कुठं."

"आन् त्यात आमचं काय?"

"हजारो वर्षांपूर्वी इथंही वस्त्या होत्या. नदी आटली, राज्य मोडलं. कणग्या रिकाम्या होईपर्यंत एकत्र राहिले ते वाटेत एकत्रच मेले. काही टोळ्या करून पांगले, त्यातले बरेच एकमेकांना लुटून संपले. टिकल्या त्या टोळ्या, ज्यांनी मुलांची अदलाबदल केली होती. आपलं लेकरू जिथं जेवतं, तिथं कुणी दरोडा घालत नाही."

या अदलाबदलीला त्यांनी नाव दिलं होतं गुंफण. आता तो कायदाच झाला होता. गावाच्या दोन टोळ्या होणार, एक घाटाखाली जाणार, एक धरणाच्या वर, आणि प्रत्येक घरानं एक मूल दुसऱ्या टोळीला द्यायचं. गिरजाबाईच्या घरात मूल एकच होतं. आईबाप साथीत गेलेली तिची नात, यमू.

"ती पोरं परत आली का वो बाई? त्या जुन्या लोकांची?"

"दातांत तरी तशी खूण सापडत नाही," शर्वरीबाई म्हणाल्या. " जिथं वाढली, तिथंच पुरलेली आहेत."

गिरजाबाईनं सरपंच म्हणून बाकी घरांची पोरं नेमून दिली, पण आठ दिवस यमूचं नाव काढलं नाही. शेवटी शेजारचा महिपती दारात येऊन म्हणाला, "आक्का, दुसऱ्याची पोरं वाटताना जीभ कशी चुरूचुरू चालती. आपली आली की दातखीळ बसली व्हय?"

ते तिला लागलं. ट्रक निघाले तेव्हा तिनं यमूला घाटाखाली निघालेल्या महिपतीच्या टोळीत बसवलं आणि त्याचा नातू दौलू आपल्याकडं घेतला.

"वांड हाय," महिपती म्हणाला. "कान पिळा, पण उपाशी निजवू नका."

धरणाच्या वर पीक बरं आलं. दौलू पहिले महिनाभर रडला, मग तिच्या कुशीत झोपायला लागला, मग तिला आई म्हणायला लागला. घाटाखाली मात्र खारं पाणी शेतात शिरलं. दुसऱ्या उन्हाळ्यात महिपती धान्य मागायला आला. द्यायचं की नाही, असं कुणी विचारलंसुद्धा नाही. सगळे पोती भरायला लागले.

"दौलू कुटं दिसंना?" महिपतीनं विचारलं.

"शेरडं घेऊन लांब गेलाय. आज येत न्हाई," गिरजाबाई म्हणाली. दौलू मागच्या खोलीत होता. महिपतीचा ट्रक दिसताच तिनंच त्याला आत घालून कडी लावली होती. "यमूला का न्हाई आणलंस?"

महिपती पोत्याचं तोंड शिवत होता. त्यानं मान वर केली नाही.

"जरा ताप हाय तिला," तो म्हणाला.

गिरजाबाईची नजर मागच्या खोलीच्या कडीकडं गेली. मग तिनं आणखी एक पोतं ट्रकवर चढवायला सांगितलं.