गोऱ्याच्या घरातला धूर

"मॅडम, लवकर या! गोऱ्याच्या घरात शिवम्मा धुरानं बेशुद्ध पडली!"

फोन येताच फौजदार समीक्षा किनवटहून निघून जंगलाच्या कडेला असलेल्या त्या दगडी घरापाशी पोचली, तेव्हा शिवम्माला दवाखान्यात हलवलं होतं. रेल्वेच्या कामाला आलेल्या एका इंग्रज साहेबानं आपल्या गावाकडच्या घराची हुबेहूब नक्कल इथं उभी केली होती. हातभर जाड भिंती, न उघडणाऱ्या चिमुकल्या खिडक्या, बैठकीत भिंतीतली शेकोटी, अन् बर्फ घसरावा म्हणून दगडी पाट्यांचं उभट छप्पर. किनवटात बर्फ कधी पडला! पण घर देखणं होतं. आर्किटेक्ट आनंदराजनं ते जीव ओतून दुरुस्त केलं होतं. आज ते पाहुण्यांना दाखवायचं होतं.

त्याआधी आनंदराजनं शेकोटी पेटवून पाहिली, तर सगळा धूर खोलीतच कोंडला. झाडलोट करणारी शिवम्मा आतच होती. आनंदराजनंच तिला उचलून बाहेर आणलं.

"चूक ह्याचीच," त्याचा भागीदार वीरेश म्हणाला. "धुराड्याचा गळा ह्यानंच अरुंद केला. मी सांगून राहिलो होतो."

"धूर कोंडला तेव्हा तुम्ही कुठं होता?" समीक्षानं विचारलं.

"शिडी लावून छपरावर चढलो. धुराड्यात वाकून बघितलं. मोकळं होतं."

आनंदराज पायरीवर डोकं धरून बसला होता. "माझंच चुकलं असंल, मॅडम."

समीक्षानं घराला फेरी मारली. पावसाळा नुकताच सरलेला. छपराच्या कडेपासून धुराड्यापर्यंत ओलं शेवाळ मखमलीसारखं पसरलं होतं. मग तिनं शेकोटीत वाळलं गवत पेटवलं. धूर सरळ वर गेला.

"छपरावर न चढता धुराड्यात हात घालता येतो का?"

"माडीवर फळीमागं काजळी काढायची झडप हाय," आनंदराज म्हणाला. "मला अन् वीरेशलाच ठावं."

समीक्षा माडीवर जाऊन आली. तिच्या हातात काजळीनं माखलेलं ओलं पोतं होतं.

"गळा अरुंद असता, तर आत्ताही धूर कोंडला असता. कुणीतरी धुराडं बुजवलं, अन् गडबडीत पुन्हा मोकळं केलं. आनंदराज तेव्हा शिवम्माला बाहेर आणत होते. आणि वीरेश, तुम्ही छपरावर गेलाच नाहीत. त्या शेवाळावर चिमणीचाही पाय उमटला असता. तुम्ही माडीवर होतात."

वीरेशनं आनंदराजकडं बोट केलं.

"लातूरला कॉलेजात पहिला हाच. इथं राबलो दोघं, दाराच्या पाटीवर नाव ह्याचं! पाहुण्यांसमोर ह्याची फजिती व्हावी, एवढंच वाटलं. बाई आत हाय, मला काय ठावं?"

"तुझंबी नाव घालू म्हणलो होतो की रे," आनंदराज हळूच म्हणाला.

"भीक घातल्यागत म्हणलास!"

समीक्षाचा फोन वाजला. शिवम्मा शुद्धीवर आली होती.

"काय म्हणली?" वीरेशनं खाली बघत विचारलं.

"वीरेशसाहेबांना माडीवर जाताना बघितलं होतं, ते आत तर अडकले न्हाईत ना, असं विचारत होती."

वीरेश आनंदराजशेजारी पायरीवर बसला.